दाण्याला न शिवणारे पाहुणे

दिवाळीच्या आठवड्यात रायपूरच्या गोलबाजारात पणत्या, लाह्या-बत्तासे आणि रांगोळीच्या शेजारी धानाच्या झालरी विकायला येतात. नव्या पिकाच्या लोंब्या देठासकट गुंफून केलेली ही झालर. कुणी तिला फाता म्हणतं, कुणी पहटा. ती दाराच्या चौकटीवर टांगायची. पाखरं तिचे दाणे टिपतात आणि त्यांच्यामार्फत लक्ष्मीला घरचं आमंत्रण पोचतं, अशी छत्तीसगडी माणसाची श्रद्धा. धानाचा कटोरा म्हणवणाऱ्या या मुलखात नव्या पिकातला एक वाटा पाखरांचा धरलेला असतो. तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरांच्या दारांवरही ही झालर दिसते. गच्चीवर टांगायचे प्लास्टिकचे ‘बर्ड फीडर’ अलीकडचे. इथला मूळचा फीडर हाच.

झालर असो की बाजरी भरलेला डबा, त्यावर कोण येणार हे ठरलेलं असतं. आधी चिमण्या. त्यांच्या मागे ठिपकेवाल्या मनोलींचा थवा, खाली सांडलेलं वेचायला होले, दांडगाई करायला साळुंक्या आणि सगळ्यांना पळवून लावायला खार. ही सगळी घरचीच मंडळी, बाराही महिने इथे राहणारी. पण नेमक्या याच दिवसांत त्याच अंगणात, त्याच मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडावर आणखी काही पाखरं उतरलेली असतात. कुणी लडाख-तिबेटातून आलेलं, कुणी उरल पर्वतापलीकडून, कुणी सैबेरियाच्या जंगलातून. आकाराने चिमणीएवढी किंवा तिच्याहून लहान, रंगाने बहुतेक मातकट किंवा हिरवट. ही पाखरं झालरीकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

स्थलांतरित पक्षी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बदकं येतात. हिवाळ्यात कॅमेरे गळ्यात घालून माणसं बेमेतरा जिल्ह्यातल्या गिधवा-परसदाच्या तळ्यांवर जातात. २०२१ मध्ये तिथे पक्षी महोत्सवही झाला. जावंच. पण घराच्या मागच्या बाडीत उतरणाऱ्या चिमुकल्या पाहुण्यांना पाहायला कुठेही जावं लागत नाही. त्यांना ओळखावं लागतं, आणि ते काय खायला आलेत हे समजून घ्यावं लागतं.

दाणे का नकोत?

चिमणीची चोच आखूड, जाड, शंकूसारखी असते. धानाचं टरफल फोडायला तीच लागते. हिवाळी पाहुण्यांपैकी बहुतेकांची चोच बारीक, चिमट्यासारखी असते. पानाच्या पाठीवर चिकटलेला मावा, गुंडाळलेल्या पानातली अळी, सालीच्या फटीतला कोळी उचलायला ती बरोबर असते. तिने दाणा फुटत नाही, आणि या पाखरांच्या पोटालाही कोरडं धान्य मानवत नाही.

हा निव्वळ योगायोग नाही. ही पाखरं इतक्या दूर येतात ती कीटकांपायीच. उन्हाळ्यात उत्तरेकडे दिवस सोळा-अठरा तासांचा असतो आणि हवेत किड्यांची रेलचेल असते. पिल्लं वाढवायला याहून चांगली जागा नाही. सप्टेंबर उलटला की तिथे थंडी पडते, पानं गळतात आणि कीटक अंडी-कोशांच्या रूपात दडी मारतात. बिया खाणारा पक्षी बर्फातही कुठेतरी बी शोधून तग धरू शकतो. कीटकभक्षी पाखराला मुक्काम हलवण्यावाचून गत्यंतर नसतं. रायपुरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो, पण दिवसा तो २७-२८ पर्यंत चढतो. कडुनिंब, आंबा, मुनगा यांची पानं तेव्हाही झाडावर असतात आणि त्यावर तुडतुडे, मावा, चिलटंही असतात. ज्याला आपण गुलाबी थंडी म्हणतो, ती या पाखरांच्या लेखी भरल्या ताटाची वेळ असते.

न्यू जर्सीतल्या किंवा टोरांटोतल्या आपल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या फोटोंमध्ये मात्र फीडरवर स्थलांतरित पाखरांची गर्दी असते. तिथे हिवाळ्यात येणारी जुंकोसारखी पाखरं मुळात बिया खाणारी, म्हणून हे जमतं. तिकडे याची पद्धतशीर मोजणीही होते. कॅनडातल्या ओंटारिओत १९७६ मध्ये लोकांनी आपापल्या फीडरवरचे पक्षी मोजून कळवायला सुरुवात केली आणि १९८७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेच्या साथीने तो उपक्रम सगळ्या उत्तर अमेरिकेत पसरला.

माणसाने ठेवलेलं खाणं स्थलांतराची दिशा कशी बदलू शकतं, याचं नामी उदाहरण युरोपात आहे. ब्लॅककॅप नावाचा वटवट्याच्या कुळातला पक्षी मध्य युरोपातून हिवाळ्यात नैऋत्येला, स्पेनकडे जायचा. १९६०च्या दशकापासून त्यांतले काही ब्रिटनमध्ये हिवाळा काढताना दिसू लागले. तिथल्या बागांमध्ये त्यांच्यासाठी चरबीचे गोळे, फळं ठेवलेली असत. जर्मन शास्त्रज्ञ पीटर बर्टोल्ड यांनी ब्रिटनमध्ये हिवाळा काढणारे पक्षी पकडून जर्मनीत नेले, त्यांची वीण घेतली आणि पिल्लांना वेळ आल्यावर कोणत्या दिशेला उडावंसं वाटतं ते तपासलं. आईबापांचा प्रवास कधीच न पाहिलेली ही पिल्लंही ब्रिटनच्याच दिशेला झेपावत होती. १९९२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दिशा रक्तातून उतरते आणि खाण्याची सोय झाली तर काही दशकांत ती बदलूही शकते, हे त्यातून दिसलं.

आपल्याकडे तसं काही झालेलं नाही. आपले पाहुणे आजही किड्यांवरच येतात. त्यामुळे रायपूरच्या अंगणातला खरा फीडर म्हणजे झाड, पाचोळा आणि पाणी.

भिंतीवरचा, झाडातला आणि झुडपातला

ओळख करून घ्यायला सगळ्यात सोपा थिरथिरा. नर काळा आणि पोटाखाली विटकरी-तांबडा, मादी मातकट. शेपटी दोघांचीही तांबूस. ऑक्टोबरात तो येतो. लडाख, तिबेट, मध्य आशियातल्या उघड्या डोंगरांवर खडकांच्या फटींत घरटी करणारा हा पक्षी. म्हणूनच की काय, इथे त्याला बाडीची भिंत, विटांचा ढीग, गच्चीचा कठडा असल्या जागा पसंत पडतात. त्याला पाहायचं तर घुरव्याजवळ पाहावं. घुरवा म्हणजे शेणखताचा, केरकचऱ्याचा खड्डा. छत्तीसगड सरकारच्या ‘नरवा, गरवा, घुरवा, बाडी’ या योजनेमुळे हे चारही शब्द आता शहरातही सगळ्यांच्या तोंडी आहेत. थिरथिरा जवळच्या काठीवर बसतो, दोनदा मान झुकवतो आणि शेपटी अशी थरथरवतो की तिचा रंग क्षणभर नुसता लालसर धूर वाटतो. मग टपकन खाली उतरून एखादी मुंगी, भुंगा उचलतो आणि पुन्हा त्याच काठीवर. ऊन तापेपर्यंत त्याची ही फेरी चालू असते, आणि त्या पट्ट्यात दुसरा थिरथिरा आला तर तो त्याला टिकू देत नाही.

दुसरा पाहुणा दिसण्याआधी ऐकू येतो. मुनग्याच्या नाहीतर कडुनिंबाच्या शेंड्यातून ‘चि-विट्’ असा खणखणीत आवाज दिवसभर येत राहिला, की तो हिरवट वटवट्या समजावा. वर फिकट हिरवा, खाली मळकट पांढरा, डोळ्यावर पिवळसर भुवई आणि पंखावर एक बारीकशी पट्टी. वजन साधारण आठ ग्रॅम, म्हणजे आपल्या दहा रुपयांच्या नाण्याएवढं. पूर्व युरोपापासून सैबेरियापर्यंतच्या जंगलांत आणि हिमालयात याची वीण होते. उरलहून रायपूर हे अंतर सरळ रेषेत मोजलं तरी चार हजार किलोमीटरांच्या वर भरतं. एकदा झाडात शिरला की तो एका फांदीवर दोन क्षणही बसत नाही. पानाच्या वरून, खालून, कधी उलटा लोंबकळून, कधी हवेत जागच्या जागी फडफडत तो एकेक पान तपासतो. शास्त्रज्ञांमध्ये हा पक्षी वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध आहे. तिबेटच्या पठाराला वळसा घालून त्याच्या उपजाती एकीपासून दुसरीपर्यंत हळूहळू बदलत जातात आणि सैबेरियात जिथे या साखळीची दोन टोकं भेटतात, तिथे ती एकमेकांना जोडीदार मानत नाहीत. एका जातीच्या दोन जाती कशा होतात याचा हा पाठ्यपुस्तकातला नमुना, आणि तो आपल्या परसातल्या मुनग्यावर मावा खात असतो.

तिसरा पाहुणा झुडपाबाहेर येत नाही. जास्वंदीच्या, मेंदीच्या कुंपणातून ‘चक्... चक्...’ असा दोन खडे आपटल्यासारखा आवाज येतो आणि पानं हलतात. पक्षी मात्र दिसता दिसत नाही. हा ब्लिथचा वटवट्या. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचं संग्रहालय सांभाळणाऱ्या एडवर्ड ब्लिथने १८४९ मध्ये याचं शास्त्रीय वर्णन केलं. हा फिनलंडपासून सैबेरियापर्यंत वीण घालतो आणि जवळपास सगळा भारतात नाहीतर श्रीलंकेत हिवाळ्याला येतो. बरेच पक्षी निघण्याआधी जुनी पिसं टाकून नवी घेतात. हा तसं करत नाही. झिजलेल्या पंखांनिशी तो इथवर येतो आणि इथे पोचल्यावर पिसं बदलतो. परतीच्या प्रवासाचे पंख इथल्या किड्या-अळ्यांवर तयार होतात.

चौथा, लाल गळ्याचा माशीमार. आंब्याच्या किंवा करंजाच्या सावलीतल्या खालच्या फांदीवर बसतो, शेपटी वर करतो तेव्हा तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे चट्टे दिसतात आणि घशातून ‘टर्र्र’ असा कोरडा आवाज काढतो. यात खरं तर दोन पक्षी आहेत. एक युरोप-पश्चिम आशियातला, दुसरा सैबेरियातला तैगा माशीमार. पूर्वी दोघांना एकच जात समजत. पहिला भारताच्या पश्चिम-मध्य भागात जास्त, दुसरा पूर्वेकडे. छत्तीसगड दोघांच्या सीमेवर पडतं, त्यामुळे इथल्या बाडीत दोघांपैकी कुणीही उतरू शकतो. सैबेरियावाल्याची चोच बहुतेक पूर्ण काळी असते, दुसऱ्याच्या खालच्या चोचीचं बूड फिकट. नराच्या अंगावरचा लाल रंगही पाहावा: सैबेरियावाल्याचा लाल गळ्यापुरताच आणि त्याला राखी किनार; दुसऱ्याचा छातीपर्यंत उतरलेला. माद्या आणि तरुण नर यांना लाल नसतोच, तेव्हा चोचीकडे पाहण्यावाचून उपाय नाही.

यांच्याखेरीज नळाच्या पाण्याने ओल्या झालेल्या फरशीवर शेपटी वरखाली करत चालणारा करडा धोबी असतो. दाण्याला शिवणारा अपवादही एक आहे: रोझफिंच. नराचं डोकं आणि छाती गुलाबी-लाल, चोच चिमणीसारखी जाड. हिमालयातून उतरणारी ही पाखरं बांबूच्या, गवताच्या बिया आणि घाणेरीची फळं खातात. बारनवापाराकडच्या जंगलपट्ट्यात त्यांचे थवे असतात, शहरात ती क्वचित भेटतात. आणि फेब्रुवारीत पळस-सावर फुलली की त्यावर भोरड्यांची झुंड उतरते: गुलाबी अंग, काळं डोकं, प्रचंड कलकलाट. मध्य आशियात टोळ खाऊन पिल्लं वाढवणारा हा पक्षी. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळांचा बंदोबस्त करायला त्याच्यासाठी मुद्दाम घरट्यांच्या जागा बांधून देतात. आपल्याकडे फुलांतल्या मधावर, वडा-पिंपळाच्या फळांवर तो दिवस काढतो.

वाट कशी सापडते?

ही बहुतेक पाखरं रात्री प्रवास करतात. हवा थंड आणि शांत असते, ससाण्यांची भीती कमी आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. निघायची वेळ थंडी पडल्यावर ठरत नाही, ती दिवसाच्या लांबीवर ठरते. दिवस लहान होऊ लागला की शरीरातली घडी बदलते. पाखरं अधाशासारखी खातात आणि कातडीखाली चरबी साठवतात. एक ग्रॅम चरबीतून एक ग्रॅम पिठूळ पदार्थापेक्षा दुपटीहून जास्त ऊर्जा मिळते, आणि ती वाहायला हलकी. लांबचा टप्पा ओलांडणाऱ्या काही जाती निघण्याआधी वजन जवळजवळ दुप्पट करतात. अशा दिवसांत पिंजऱ्यातलं पाखरूही रात्री झोपत नाही. ज्या दिशेला जायचं त्या बाजूला फडफडत राहतं. शास्त्रज्ञांना दिशा मोजता आली ती या बेचैनीमुळेच.

अमेरिकेत स्टीफन एमलेन यांनी १९६०च्या दशकात अशी पाखरं तारांगणात नेली. घुमटावरचं आकाश फिरवलं, तशी पाखरांनी आपली दिशा फिरवली. पुढे कळलं, की पिल्लं ताऱ्यांचा नकाशा पाठ करत नाहीत. आकाश कोणत्या बिंदूभोवती फिरतं ते पाहतात, आणि तोच उत्तर धरून चालतात. ढगाळ रात्रीही त्यांचं अडत नाही. जर्मनीत वोल्फगांग आणि रोझविथा विल्चको यांनी दाखवलं, की रॉबिन पक्ष्याला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जाणवतं. २०२१ मध्ये या पक्ष्याच्या डोळ्यातलं क्रिप्टोक्रोम नावाचं प्रथिन प्रयोगशाळेत चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देताना दिसलं. म्हणजे पाखरू उत्तर-दक्षिण बहुधा डोळ्यांनी ओळखत असावं.

पहिल्यांदाच निघालेल्या तीन-चार महिन्यांच्या पिल्लाला वाट दाखवायला सोबत कुणी नसतं. दिशा आणि अंदाजे किती दिवस उडायचं, एवढीच शिदोरी. पण एकदा हिवाळा काढला की जागा त्याच्या लक्षात राहते. ब्रिटिश शास्त्रज्ञ ट्रेव्हर प्राइस यांनी दक्षिण भारतात हिरवट वटवट्यांचा हिवाळी अभ्यास केला तेव्हा दिसलं, की प्रत्येक पाखरू आपापली झाडं राखून असतं आणि आवाज देत, भांडत ती सांभाळतं. मुनग्यावरून दिवसभर येणारं ‘चि-विट्’ म्हणजे हीच मालकीची हाळी. पायात कडी घातलेला करडा धोबी मुंबईतल्या एका छोट्याशा हिरवळीवर पुन्हा पुन्हा हिवाळ्याला परतल्याची गोष्ट सालिम अलींनी सांगून ठेवली आहे. तेव्हा यंदा भिंतीवर बसलेला थिरथिरा गेल्या वर्षीचाच असण्याची शक्यता चांगलीच आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९६०च्या आसपासपासून हजारो पक्ष्यांच्या पायांत कड्या घातल्या. एखादं मेलेलं पाखरू सापडलं आणि त्याच्या पायात ॲल्युमिनियमची कडी असली, तर तिच्यावरचा आकडा सोसायटीला जरूर कळवावा.

त्यांच्यासाठी काय करावं?

पहिली गोष्ट पाणी. दाण्याला न शिवणारा प्रत्येक पाहुणा पाण्यावर येतो. मातीची पसरट परात घ्यावी, पाणी दोन बोटं खोल असावं आणि मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे आठ ग्रॅमच्या पाखरालाही पाय टेकता येतो. परात झुडपापासून दोन-तीन पावलांवर ठेवावी: जवळ आडोसा हवा, पण मांजराला दबा धरता येईल इतका जवळ नको. पाणी रोज बदलावं आणि परात घासून घ्यावी. डेंगीच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडाभर लागतो. रोज बदललेल्या पाण्यात त्याचं काही चालत नाही.

वटवटे परातीत उतरायला जरा कचरतात. त्यांची आंघोळ पाहायची तर सकाळी जास्वंदीवर, कढीपत्त्यावर पाइपाने बारीक तुषार उडवावे आणि बाजूला होऊन थांबावं. पाखरू ओल्या पानांमध्ये घुसतं, पोट पानावर घासत खालच्या पानावर घसरतं, पंख झाडतं, पुन्हा वर चढून तेच. दहा मिनिटांत त्याचं हिरवट अंग भिजून काळपट दिसायला लागतं. मग ते उन्हातल्या फांदीवर बसून एकेक पीस चोचीतून ओढून घेतं. इतका वेळ एका जागी ते एरवी कधी बसत नाही. पंखावरची पट्टी आणि भुवई नीट पाहून घ्यायची संधी हीच.

दुसरी गोष्ट म्हणजे थोडा अव्यवस्थितपणा. बाडीच्या एका कोपऱ्यात पाचोळा पडू द्यावा, जाळू नये. कडुनिंबाची, मुनग्याची छाटणी हिवाळ्यात करू नये. पानांना मावा लागला म्हणून लगेच औषध फवारू नये; फवारलं तर पाहुण्यांच्या ताटातलंच काढून घेतल्यासारखं होतं. शेणखताचा खड्डा असेल तर उत्तम. रात्रभर जळणारा गच्चीचा प्रखर दिवा सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि मार्च-एप्रिलमध्ये बंद ठेवावा, कारण रात्री उडणारी पाखरं अशा उजेडाने भरकटतात. खिडकीच्या मोठ्या काचेत झाडांचं प्रतिबिंब पडत असेल तर बाहेरून पडदा किंवा दोऱ्या लावाव्यात.

दाणे घालूच नयेत असं नाही. चिमण्या-मनोलींसाठी धानाची झालर, बाजरी, कणी चांगलीच. मात्र शिळा भात, ब्रेड, खारे शेंगदाणे, फरसाण घालू नये. दमट शेंगदाण्यांवर बुरशी धरते आणि तिचं विष पाखरांना मारक असतं. घालायचं ते थोडं, संध्याकाळपर्यंत संपेल इतकंच, आणि भांडं आठवड्यातून एकदा गरम पाण्याने धुतलेलं. ब्रिटनमध्ये २००५ नंतर अस्वच्छ फीडरवरून पसरलेल्या घशाच्या रोगाने ग्रीनफिंच पक्षी इतके घटले, की २०२१ मध्ये ते तिथल्या लाल यादीत गेले. मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद आपण वाचतोच. पोतंभर धान्य एका जागी ओतलं की सगळ्यांना हाकलून कबुतरंच माजतात आणि माणसांच्या फुप्फुसांनाही त्रास होतो.

वहीत टिपावं असं काही

पहिलं ‘चि-विट्’ कोणत्या तारखेला ऐकलं, थिरथिरा शेवटचा कधी दिसला, या साध्या नोंदींना मोल आहे. २००७ मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातून ‘मायग्रंटवॉच’ सुरू झाला तो अशाच नोंदी गोळा करायला. आता त्या ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर जातात. दर फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये भारत २०१३ पासून आहे, पंधरा मिनिटं बाडीत बसून दिसेल ते मोजलं तरी ते धरलं जातं. सामान्य लोकांच्या असल्या नोंदींवरच ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा २०२३ चा अहवाल उभा राहिला. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे, आणि इथेच राहणाऱ्या पक्ष्यांपेक्षा लांबून येणारे पक्षी जास्त घटल्याचं त्यातून दिसतं.

रायपूरपुरतं वेळापत्रक असं. हिरवट वटवट्या आणि करडा धोबी सप्टेंबरच्या सुमारास, पाऊस पुरता ओसरायच्या आत. ब्लिथचा वटवट्या, माशीमार, थिरथिरा ऑक्टोबरपर्यंत. नोव्हेंबर ते जानेवारी सगळे आपापल्या जागी स्थिर. ओळखी पक्क्या करायला हेच दिवस. फेब्रुवारी-मार्चमध्ये भोरड्या. मार्चनंतर एक नवल ऐकू येतं. हिवाळाभर एकाच सुरात ‘चक्’ करणारा ब्लिथचा वटवट्या मेंदीच्या कुंपणातून हळू आवाजात गायला लागतो, मध्येच दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो. उत्तरेला गेल्यावर रात्र रात्र जे गाणं म्हणायचं त्याचा हा रियाज. एप्रिल सरता सरता सगळे निघतात, आणि मे-जूनमध्ये पहिल्या पावसाच्या आगेमागे दक्षिणेकडून नवरंग येतो. रात्रीच्या प्रवासाने थकलेला हा रंगीत पक्षी कधी चक्क अंगणात, व्हरांड्यात उतरलेला सापडतो. त्याला हाताळू नये. सावलीत, मांजरापासून दूर निवांत बसू द्यावं. संध्याकाळी तो आपला जातो.

या सगळ्यात माणसाकडून सगळ्यात जास्त घोळ होतो तो मार्च-एप्रिलमध्ये. ऊन तापायला लागतं, डासांसाठी धूर फिरतो, झाडांवर कीड दिसते म्हणून फवारणी होते आणि वर्षाची झाडलोट म्हणून पाचोळा पेटवला जातो. नेमक्या त्याच आठवड्यांत वटवट्याला परतीच्या वाटेची चरबी साठवायची असते. चार हजार किलोमीटरांच्या प्रवासातल्या पहिल्या टप्प्याचं इंधन तो आपल्या कडुनिंबावरून, मुनग्यावरून गोळा करत असतो. कमी पडलं तर ते वाटेत कुठे मिळेल याची शाश्वती नाही. पक्ष्यांवर माया असलेल्या माणसाने दिवाळीला झालर टांगावीच. त्याहून मोठं दान हवं असेल, तर एप्रिल संपेपर्यंत फवारणीचा पंप बाहेर काढू नये.